उन्हाळ्यातील कलामहोत्सव आणि शहराचे अर्थकारण : बंगळुरूचा अनुभव

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शहरविकासाची चर्चा सहसा रस्ते, पाणीपुरवठा, गृहनिर्माण व वाहतूक या विषयांभोवती फिरते. नाटक, संगीत, नृत्य व जत्रा यांना त्या चर्चेत स्थान मिळालेच, तर ते शेवटच्या परिच्छेदात मिळते. वास्तविक, शहरातील कलाव्यवहार हीदेखील एक नागरी सेवा आहे. तिला जागा, भांडवल, मनुष्यबळ व नियमन लागते. तिचे लाभ सर्वांना सारखे मिळत नाहीत आणि योग्य व्यवस्था नसल्यास ती बंदही पडते. बंगळुरू शहर व त्याच्या परिसरातील उन्हाळी कार्यक्रम हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

हवामान, सुटी आणि मागणी

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. एप्रिल हा तेथील सर्वांत उष्ण महिना असला, तरी दख्खनच्या पठारावरील इतर अनेक शहरांच्या तुलनेत तेथील संध्याकाळ सुसह्य असते. त्यामुळे चैत्र-वैशाखातही उघड्या मैदानावर मंडप घालून कार्यक्रम करणे शक्य होते. ही नैसर्गिक अनुकूलता गृहीत धरता येणार नाही, याची जाणीव २४ एप्रिल २०१६ रोजी झाली. त्या दिवशी शहरात ३९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली.

दुसरा घटक शालेय सुटीचा. कर्नाटकातील शाळांना साधारणतः एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत सुटी असते. या काळात मुलांच्या हाती मोकळा वेळ असतो आणि शाळांच्या इमारती व मैदाने रिकामी असतात. अर्थशास्त्राच्या भाषेत, मागणी वाढते त्याच वेळी न वापरलेली क्षमताही उपलब्ध होते. हे दोन्ही जिथे एकत्र आणले गेले, तिथे उन्हाळी कलापरंपरा टिकली. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यातच भरते आणि मराठी बालनाट्याचा हंगामही मे महिन्याच्या सुटीशी जोडलेला राहिला आहे.

बहुभाषिक शहराचा वारसा

बंगळुरूचे सांस्कृतिक जीवन प्रारंभापासून बहुभाषिक राहिले आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे ठाणे जिंकल्यानंतर ते शहाजीराजे भोसले यांना जहागीर म्हणून मिळाले. त्यांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात अनेक भाषांतील कवींच्या रचनांना स्थान मिळालेले दिसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादित केला. आज या शहरात कन्नडसह तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी व इंग्रजी भाषक नांदतात. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९६ लाख होती. एवढ्या भिन्न समूहांना एकत्र आणण्याचे काम सार्वजनिक कार्यक्रम करतात. असा कार्यक्रम पाहणाऱ्याला आनंद मिळतोच, शिवाय न पाहणाऱ्यालाही सलोख्याच्या रूपाने त्याचा लाभ होतो. अशा लाभाला अर्थशास्त्रात ‘बाह्य लाभ’ म्हणतात. तिकिटाच्या किमतीत तो मोजला जात नाही आणि कलेला सार्वजनिक सहाय्य देण्याच्या युक्तिवादाचा पाया हाच आहे.

करग : समाजाच्या आधारावरील उत्सव

उन्हाळी कार्यक्रमांतील सर्वांत जुना प्रवाह ‘करग’ या उत्सवाचा. तिगळरपेठेतील धर्मराय स्वामी मंदिराचा हा उत्सव तिगळ समाज साजरा करतो. बागायती हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. चैत्र पौर्णिमेच्या रात्री द्रौपदीचे प्रतीक मानलेला, मोगऱ्याच्या फुलांनी सजविलेला करग डोक्यावर घेऊन एक पुरुष स्त्रीवेषात निघतो. तलवारधारी वीरकुमार त्याच्यासोबत असतात. ही मिरवणूक हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही भेट देते. जुन्या पेठेतील हा रिवाज संमिश्र संस्कृतीचे जिवंत उदाहरण आहे. संविधानाच्या कलम ५१-क (च) मध्ये ज्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे, तिचे रूप येथे दिसते.

या उत्सवाला तिकीट नाही. श्रम, व्रत व वर्गणी या रूपाने समाज मोठा भार उचलतो. रस्ते, दिवे, स्वच्छता व बंदोबस्त ही शासन आणि स्थानिक संस्था यांची जबाबदारी असते. फुलविक्रेते, खाद्यपदार्थांच्या गाड्या, खेळणी विकणारे यांना त्या रात्री रोजगार मिळतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन कायदा आणि २०२० मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना यांचा संबंध अशा उत्सवांशी थेट पोहोचतो. जत्रेच्या आधी माल भरण्यासाठी लागणारे अल्प खेळते भांडवल सावकाराऐवजी बँकेकडून मिळाले, तर त्या एका रात्रीच्या कमाईतील मोठा हिस्सा विक्रेत्याकडेच राहतो.

रामनवमी संगीत महोत्सव : मैदानाचे महत्त्व

दुसरा प्रवाह संगीताचा. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ मध्ये श्रीरामसेवा मंडळीची स्थापना केली आणि रामनवमीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू झाला. चामराजपेठ भागातील फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील मंडप ही या महोत्सवाची दीर्घकाळची ओळख आहे. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्या थोर कलावंतांनी येथे गायन केले आहे. रामनवमीपासून अनेक आठवडे संध्याकाळच्या मैफली चालतात. तिकीट, देणगीदार व प्रायोजक अशा मिश्र उत्पन्नावर हा डोलारा उभा राहतो.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब मैदानाची आहे. महानगरात बंदिस्त सभागृह बांधणे, त्याची देखभाल करणे व ते वर्षभर चालविणे हे खर्चिक काम आहे. शाळेचे मैदान मात्र आधीपासून असते. सुटीच्या काळात त्याचा दुसरा मोठा उपयोग नसल्याने त्याचा संधी-खर्च, म्हणजे त्या जागेचा अन्य वापर सोडून द्यावा लागल्यामुळे होणारा तोटा, अत्यल्प असतो. मैदान मिळाले की खर्च मुख्यतः मंडप, ध्वनिव्यवस्था व कलावंतांचे मानधन यांपुरता उरतो. शिवाय ठिकाण आणि काळ निश्चित असल्यामुळे श्रोत्याला दरवर्षी नव्याने शोध घ्यावा लागत नाही आणि जाहिरातीचा खर्च वाचतो.

रंगभूमी : सार्वजनिक जमीन, न्यासाचे व्यवस्थापन

नाटकाला मैदान पुरत नाही. त्याला प्रकाशयोजना, नेपथ्य व तालमीसाठी कायम वास्तू लागते. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने उभारलेले रवींद्र कलाक्षेत्र १९६३ पासून शासकीय रंगमंदिर म्हणून कार्यरत झाले. १९७२ मध्ये त्याच्या आवारातील खुल्या रंगमंचावर बी. व्ही. कारंत यांनी ‘ईडिपस’, ‘जोकुमारस्वामी’ व ‘संक्रांती’ ही नाटके सादर केली आणि आधुनिक कन्नड रंगभूमीला नवी दिशा मिळाली. एक शासकीय वास्तू अल्प भाड्यात उपलब्ध असली, तर हौशी कलावंतही मोठे प्रयोग करू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतरचा टप्पा ‘रंगशंकर’चा. अभिनेते व दिग्दर्शक शंकर नाग यांनी उमेदीच्या काळात मुंबईच्या मराठी रंगभूमीवर काम केले होते. ‘२२ जून १८९७’ या १९७९ च्या मराठी चित्रपटाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. १९९० मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. शहरात नाटकासाठी परवडणारे व सुसज्ज नाट्यगृह असावे, हे त्यांचे स्वप्न अरुंधती नाग व सहकाऱ्यांनी संकेत न्यासामार्फत पूर्ण केले. ऑक्टोबर २००४ मध्ये जयप्रकाश नगर येथे, शासनाकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या जमिनीवर, सुमारे ३२० आसनांचे हे नाट्यगृह सुरू झाले. सोमवार वगळता दररोज नाटक, माफक तिकीट आणि वेळेचे काटेकोर पालन ही त्याची वैशिष्ट्ये ठरली. उन्हाळी सुटीत मुलांसाठी नाट्यशिबिरे आणि पुढे जुलैमध्ये बालनाट्य महोत्सव असा क्रम तेथे रुजला. शहरापासून सुमारे १४५ किलोमीटरवरील म्हैसूर येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘रंगायण’ या शासकीय नाट्यसंस्थेचा ‘चिन्नर मेळ’ हाही उन्हाळी सुटीतील मुलांचाच उपक्रम आहे.

या उदाहरणात शासन, दाते व प्रेक्षक या तिघांचा वाटा स्पष्ट दिसतो. जमीन सार्वजनिक आहे, व्यवस्थापन न्यासाचे आहे आणि चालू खर्चाचा एक भाग तिकिटातून येतो. शासनाने कार्यक्रम स्वतः केले नाहीत, मात्र बाजारभावाने न परवडणारी जागा उपलब्ध करून दिली.

विनामूल्य महोत्सवाची मर्यादा

याउलट अनुभव हेसरघट्ट येथील. ओडिसी नर्तकी प्रोतिमा गौरी बेदी यांनी १९९० मध्ये शहराबाहेर ‘नृत्यग्राम’ हे नृत्यनिवास उभारले. १९९० च्या दशकात तेथे ‘वसंतहब्ब’ हा संगीत-नृत्याचा रात्रभर चालणारा महोत्सव सुरू झाला. उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर, फेब्रुवारीत भरणाऱ्या या महोत्सवाला प्रवेशमूल्य नव्हते. हजारो रसिक उघड्या आकाशाखाली बसून देशातील श्रेष्ठ कलावंतांना ऐकत. लोकप्रियतेच्या दृष्टीने तो अत्यंत यशस्वी होता. तथापि, २००४ नंतर निधीअभावी त्यात मोठा खंड पडला.

यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. विनामूल्य कार्यक्रमात प्रेक्षक वाढला की उत्पन्न वाढत नाही, मात्र पाणी, स्वच्छतागृहे, वाहनतळ व सुरक्षा यांचा खर्च वाढतो. यश जितके मोठे, तितकी तूट मोठी. ही तूट प्रायोजकाने भरून काढायची असते. प्रायोजकाचा निर्णय त्याच्या व्यवसायाच्या स्थितीवर अवलंबून असतो, रसिकांच्या गरजेवर नव्हे. एकाच स्रोतावर अवलंबून असलेला उपक्रम म्हणूनच अस्थिर ठरतो.

कलेचा खर्च वाढत का जातो?

विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे प्रतिपादन असे की, कारखान्यात यंत्रे व तंत्रज्ञान यांमुळे दरडोई उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही वाढते. कलेत मात्र उत्पादकता वाढविण्यास फारसा वाव नसतो. १९३९ मध्ये एका मैफलीसाठी गायक, व्हायोलिनवादक व मृदंगवादक यांना जितका वेळ बसावे लागे, तितकाच वेळ आजही बसावे लागते. पण कलावंतालाही घरभाडे, शिक्षण व औषधोपचार आजच्या दरानेच करावे लागतात. म्हणून कार्यक्रमाचा खर्च सातत्याने वाढतो. यालाच ‘बॉमोल यांची खर्चव्याधी’ म्हणतात. माहिती तंत्रज्ञानामुळे वेतनमान झपाट्याने वाढलेल्या बंगळुरूसारख्या शहरात ही व्याधी अधिक तीव्र होणे स्वाभाविक आहे.

एक काल्पनिक आकडेमोड केल्यास चित्र स्पष्ट होईल. समजा, १२ जणांच्या संचाने तालमी व प्रयोग मिळून ४५ दिवस काम केले. ३०० आसनांच्या नाट्यगृहात २०० रुपये तिकीट ठेवून पाच प्रयोग झाले आणि सरासरी ६० टक्के आसने भरली. एकूण उत्पन्न १,८०,००० रुपये होईल. भाडे, नेपथ्य, वेषभूषा, प्रवास व जाहिरात यांवर त्यातील निम्मी रक्कम खर्च झाली, तर ९०,००० रुपये उरतील. ५४० मनुष्यदिवसांत ते विभागल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे १६७ रुपये येतात. तिकीट दुप्पट केले, तर विद्यार्थी व अल्प उत्पन्नाचा प्रेक्षक दूर जातो. या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी तिकिटाव्यतिरिक्त आधार लागतोच. नाट्यगृहाचे भाडे कमी असणे हा त्यातील सर्वांत परिणामकारक आधार होय.

संविधान, कर आणि निधी

कलाविषयक अधिकारांची विभागणी विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावी. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ३३ मध्ये नाट्यगृहे, नाट्यप्रयोग, क्रीडा व मनोरंजन यांचा समावेश आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा (बाब १२) आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक पैलूंचे संवर्धन (बाब १३) हे नगरपालिकांचे विषय म्हणून नमूद आहेत.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांचा करमणूक कर त्यात विलीन झाला. मात्र १०१ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिका यांना असा कर आकारण्याची मुभा राखून ठेवली. वस्तू व सेवा करात नाटक, नृत्य, संगीत व सर्कस यांच्या तिकिटांना प्रारंभी २५० रुपयांपर्यंत सूट होती. जानेवारी २०१८ मध्ये ही मर्यादा ५०० रुपये झाली. माफक दराच्या नाट्यगृहाला यामुळे प्रत्यक्ष लाभ झाला.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार विहित निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन समाविष्ट आहे. उद्योगनगरी असलेल्या बंगळुरूसाठी हा मोठा स्रोत आहे. परंतु कंपनीच्या नावाचा फलक लागेल अशा एका रात्रीच्या सोहळ्यापेक्षा प्रशिक्षण, तालीमगृहे व शिष्यवृत्ती यांकडे तो वळला, तरच त्याचा परिणाम टिकेल.

कोण बाहेर राहतो?

कार्यक्रमांची संख्या वाढली, म्हणजे सहभाग वाढला असे नव्हे. खाजगी उन्हाळी शिबिरांचे शुल्क भरू शकणाऱ्या घरातील मूल चित्रकला, नाटक व वाद्यवादन शिकते. बांधकाम मजुराच्या किंवा घरकाम करणाऱ्या महिलेच्या मुलासाठी मात्र तीच सुटी देखरेखीविना जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क करारातील कलम ३१ मुलांना विश्रांती, खेळ व सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क देते. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला आहे. कब्बन पार्कमधील बालभवनासारख्या संस्थांची उन्हाळी शिबिरे या दृष्टीने मोलाची आहेत. परंतु एका मध्यवर्ती उद्यानातील सोय विस्तीर्ण शहराच्या कडेवरील वस्त्यांना पुरी पडू शकत नाही.

अंतर हाही एक खर्चच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नम्म मेट्रो’चा पहिला टप्पा सुरू झाला आणि २०१३ मध्ये महात्मा गांधी रस्त्यावरील स्थानकालगत ‘रंगोली’ हे कलाकेंद्र उभे राहिले. वाहतूक व कला यांचे नियोजन एकत्र केल्यास प्रेक्षकाचा प्रवासखर्च कमी होतो, हे त्यातून दिसते. प्रयोग संपल्यानंतर घरी परतण्याची सुरक्षित सोय नसेल, तर स्त्रिया व विद्यार्थी यांच्यासाठी स्वस्त तिकीटही निरुपयोगी ठरते.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांना प्राण गमवावे लागले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्येच गर्दी व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. क्षमता मोजणे, प्रवेश व निर्गमनाचे मार्ग वेगळे ठेवणे आणि पूर्वसूचना देणे ही त्यातील मूलतत्त्वे आहेत. विनामूल्य प्रवेशाची घोषणा करताना किती लोक येतील याचा अंदाज घेणे, ही आयोजक व प्रशासन या दोघांची जबाबदारी ठरते.

पुढील दिशा

या अनुभवांतून काही निष्कर्ष निघतात. पहिला, कलाक्षेत्रात शासनाचे सर्वांत मोलाचे योगदान जागेच्या रूपात असते. एका वर्षाचे अनुदान त्या वर्षाबरोबर संपते. नाट्यगृह किंवा मैदान पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडते. दुसरा, शाळांची मैदाने व सभागृहे सुटीच्या काळात परिसरातील मुलांसाठी व नोंदणीकृत कलासंस्थांसाठी निश्चित नियमांनुसार खुली करावीत. स्वच्छता, वीज व नुकसानभरपाई यांची जबाबदारी करारात नमूद केल्यास शाळेवर भार पडणार नाही. तिसरा, उत्पन्नाचे किमान तीन स्रोत असावेत : तिकीट, देणगी व सार्वजनिक सहाय्य. चौथा, कार्यक्रमांच्या परवानग्या एका खिडकीतून, पण सुरक्षेच्या अटी न सैलावता द्याव्यात.

२०२४ च्या बृहत् बंगळुरू प्रशासन कायद्यानुसार २०२५ मध्ये शहरासाठी पाच महापालिकांची रचना अस्तित्वात आली. प्रत्येक महापालिकेच्या क्षेत्रात किती मैदाने, किती सभागृहे आणि किती तालीमगृहे आहेत, याची मोजणी करण्याची ही संधी आहे. पाणी व रस्त्यांप्रमाणेच या सुविधांचाही ताळेबंद नागरिकांसमोर आला, तर कोणत्या वस्तीतील मूल उन्हाळाभर कलेपासून वंचित राहते हे आकड्यांत दिसेल, आणि त्यानुसार अर्थसंकल्पात तरतूद मागता येईल.

१९३९ मध्ये एका मैदानावर मंडप पडला आणि तेव्हापासून अनेक पिढ्यांचे कान तयार झाले. सुटीत शाळेच्या फाटकाला कुलूप लावायचे की ते परिसरातील मुलांसाठी उघडायचे, हा निर्णय लहान वाटतो. शहराचे पुढील पन्नास वर्षांचे सांस्कृतिक भांडवल मात्र अशाच निर्णयांतून घडत असते.